दुकानाला पाटी, सभेला पत्ता नाही

सोलापूर : दारू कोठे मिळते, हे या शहरात कोणाला विचारावे लागत नाही. देशी दारूच्या दुकानावर ठळक अक्षरांतील पाटी असते, परमिट रूमचे दिवे रात्री लांबूनच दिसतात आणि हातभट्टीचा ठावठिकाणा तर पाटी नसतानाही पंचक्रोशीला ठाऊक असतो. मात्र ज्याला दारू सोडायची आहे, किंवा जो नुकताच उपचार घेऊन घरी परतला आहे, त्याने आज सायंकाळी आपल्यासारख्याच माणसांमध्ये बसण्यासाठी नेमके कोठे जावे, या प्रश्नाचे चटकन उत्तर देणारा माणूस भेटणे कठीण. रिक्षावाल्याला ते ठाऊक नसते, औषध दुकानदाराला नसते आणि ज्या डॉक्टरांनी ‘आता पुन्हा पिऊ नका’ असे बजावून घरी पाठवलेले असते, त्यांनाही ते बऱ्याचदा सांगता येत नाही.

व्यसनमुक्तीची आपल्याकडील चर्चा प्रामुख्याने दोन टोकांभोवती फिरते. एका टोकाला दारूबंदी, छापे आणि परवाने. दुसऱ्या टोकाला रुग्णालय आणि व्यसनमुक्ती केंद्र. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे आठवड्यातून एकदा-दोनदा एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा सभागृहात भरणारी, तास-दीड तासाची, विनाशुल्क सभा. केंद्रातील उपचार महिनाभरात संपतात. त्यानंतरची वर्षे मात्र घरी, त्याच गल्लीत, त्याच मित्रांच्या संगतीत काढायची असतात. त्या वर्षांसाठी ही सभा असते. ती असूनही गरजूला सापडत नाही, हे सोलापूरचे आणि सोलापूरसारख्या अनेक शहरांचे खरे दुखणे आहे.

सुरुवातच एका शोधातून

या सभांचा जन्म मुळी अशाच एका शोधातून झाला. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हे न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराशी संबंधित गृहस्थ एका व्यवहारासाठी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी गेले होते. व्यवहार फिसकटला. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या प्रवेश-दालनात एका बाजूला बार होता आणि दुसऱ्या बाजूला दूरध्वनी व गावातील चर्चची यादी. विल्सन यांनी यादीतील क्रमांक फिरवायला सुरुवात केली. त्यांना प्रवचन ऐकायचे नव्हते. दारूशी झगडणारा दुसरा कोणी माणूस भेटवून द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. बऱ्याच खटपटीनंतर डॉ. बॉब स्मिथ या मद्यासक्त शल्यविशारदांशी त्यांची गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर ठरलेली भेट रात्री उशिरापर्यंत चालली. डॉ. स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ अर्थात ‘एए’ या मंडळाचा स्थापनादिन मानला जातो. चर्चची ती यादी हॉटेलात लावलेली नसती तर पुढे काय झाले असते, हा विचार केल्यास पत्त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

भारतात हे मंडळ १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झाले. त्याचा विस्तार पुढे मुंबईत झाला आणि देशपातळीवरील सेवा कार्यालयही मुंबईतच आहे. मंडळाची रचना पाहिली, की आपल्याकडील कोणत्याही संस्थेच्या साच्यात ते बसत नाही हे लक्षात येते. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, देणगीसाठी पावतीपुस्तक नाही. खर्च सदस्यांनी आपसांत भागवायचा आणि बाहेरून एक पैसाही घ्यायचा नाही, हा नियम. सदस्य होण्यासाठी एकच अट, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असलीच पाहिजे असेही नाही.

सभेत प्रत्यक्षात काय घडते, याविषयी मात्र बाहेर बरेच गैरसमज आहेत. तेथे डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो, शपथ दिली जात नाही. खुर्च्या मांडलेल्या असतात, चहा असतो. एकेक जण उठतो, केवळ आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी असल्याचे सांगतो आणि आपली कहाणी सांगतो. दुसरे ऐकतात. मध्येच कोणी सल्ला देत नाही, चूक काढत नाही. बोलायचेच नसेल तर गप्प बसून राहण्याचीही मुभा असते. ‘आयुष्यभर पिणार नाही’ अशी भीष्मप्रतिज्ञा कोणी मागत नाही. आजचा दिवस न पिता काढायचा, उद्याचे उद्या पाहू, एवढाच हिशेब. काही सभा केवळ मद्यपींसाठी असतात, तर काही खुल्या असतात व तेथे नातेवाईक, डॉक्टर, विद्यार्थी कोणीही जाऊन बसू शकते. एखाद्या कुटुंबाला पहिल्यांदा जायचे असल्यास खुली सभा कोणती, हे आधी विचारून घेणे सोयीचे.

अडतीसांत एक

दारूच्या प्रश्नाची व्याप्ती सांगणारी एक आकडेवारी येथे लक्षात घ्यावी लागेल. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यसेवन करतात. यांपैकी सर्वांनाच व्यसन असते असे नाही. पण सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना त्यांच्या पिण्यासाठी मदतीची गरज आहे आणि त्यांतील जवळपास २ कोटी ९० लाख लोक पूर्णतः दारूच्या आहारी गेलेले आहेत. याच पाहणीतील पुढचा आकडा अधिक बोलका आहे. आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेल्यांचे प्रमाण तर १८० मध्ये एक एवढेच होते.

उरलेले सदतीस कोठे आहेत? ते घरी आहेत, यंत्रमागावर आहेत, रिक्षा चालवीत आहेत, कचेरीत फाइल पुढे सरकवीत आहेत. त्यांतील अनेकांनी सोडण्याचा प्रयत्न केलेला असतो. एकदा नव्हे, अनेकदा. श्रावणात सोडलेली असते, नवरात्रात सोडलेली असते, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेली असते. सोडता येते हे त्यांना ठाऊक आहे. सोडल्यावर सोडलेली कशी ठेवायची, येथे घोडे अडते.

सोलापूरकराच्या बाबतीत हा प्रवास कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. ज्यांना थोडेफार परवडते ते सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठतात. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अर्थात सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या आर्थिक पाठबळावर ते सुरू केले. पस्तीस दिवसांचे निवासी उपचार, बरे झालेल्या रुग्णांनीच कार्यकर्ते म्हणून उभे राहणे, बायकांसाठी ‘सहचरी’ गट, ही पद्धत महाराष्ट्रात मुक्तांगणने रुजवली. उपचारानंतरचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग आहे, हेही तेथे प्रथमपासून मानले गेले. परंतु पस्तीस दिवस संपतात आणि माणूस संध्याकाळच्या त्याच गाडीने सोलापूर स्थानकावर उतरतो. व्यसन पुन्हा सुरू होण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात. ‘एए’मध्ये नव्या माणसाला पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा गाठण्याचा सल्ला देण्याचा प्रघात आहे. मुंबईसारख्या महानगरात निरनिराळ्या भागांतील सभा धरून हे कदाचित जमेल. सोलापुरात असा माणूस स्थानकाबाहेर आला, की त्याच्या खिशात औषधांची चिठ्ठी असते. सभेच्या पत्त्याची नसते.

अनामिकतेचा पेच

सभा सापडत नाहीत याचे एक कारण त्यांच्या नावातच दडलेले आहे. ‘अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे अनामिक. सदस्याचे आडनाव, व्यवसाय, छायाचित्र बाहेर जाऊ द्यायचे नाही. वृत्तपत्रात, आकाशवाणीवर, चित्रपटात सदस्य म्हणून स्वतःची ओळख द्यायची नाही. प्रचारापेक्षा आकर्षणावर भर द्यायचा, अशी या मंडळाची परंपरा आहे. १९३५ च्या अमेरिकेत मद्यपी म्हणून ओळख झाली तर नोकरी जाण्याची भीती होती. २०२० नंतरच्या सोलापुरात ती भीती गेली आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. मुलीचे लग्न ठरायचे असते, दुकानाची उधारी चालू ठेवायची असते, सोसायटीचे कर्ज मंजूर व्हायचे असते.

तथापि, यात एक गल्लत होते आहे. अनामिकता माणसाची आहे, सभेची नव्हे. सभेचे ठिकाण, वार आणि वेळ गुप्त ठेवावी असे मंडळाची कोणतीही परंपरा सांगत नाही. उलट डॉक्टर, पोलीस, तुरुंग, कामगार कल्याण अधिकारी यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचवणे हे सदस्यांच्या सेवाकार्याचा भाग मानले जाते. मात्र माहिती पोहोचवणारा सदस्य हा दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मोकळा होणारा माणूस असतो. तो दहा ठिकाणी पत्रके नेऊन देतो आणि सहा महिन्यांनी तेथील परिचारिका बदलते, अधिकारी बदलतो, पत्रक रद्दीत जाते. घेणाऱ्या बाजूने ती माहिती जपून ठेवण्याची व्यवस्थाच नसेल, तर देणाऱ्याने किती वेळा द्यावी?

आणि लाजेचे काय? आमच्या मते लाजेचे भांडवल अवास्तव केले जाते. भर चौकात दारू पिऊन पडलेला माणूस साऱ्या गल्लीने पाहिलेला असतो. त्याला घरी उचलून नेणाऱ्या शेजाऱ्यांची नावेही सर्वांना पाठ असतात. त्याच माणसाला सभेच्या जिन्यावर कोणी पाहील या भीतीने घाम फुटतो, हे विसंगत असले तरी खरे आहे. अशा वेळी पहिल्या दिवशी सोबत कोणी आले तर जिना चढणे सोपे जाते. म्हणूनच अनेक गट दूरध्वनीवर संपर्क साधणाऱ्याला प्रथम बाहेर कोठेतरी भेटतात, चहा पाजतात आणि मग सभेला नेतात. २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेल्या ऑनलाइन सभांनी यात आणखी एक वाट काढली. कॅमेरा बंद ठेवून, घरच्या गच्चीवर बसून नुसते ऐकता येते. जेथे आठवड्यात एखादीच सभा भरते तेथे मधले दिवस या सभांवर निभावता येतात. प्रत्यक्ष भेटीची जागा त्या घेऊ शकतील काय, याविषयी दुमत असू शकते. दाराशी येण्याचे धैर्य मात्र त्या देतात.

दरम्यान, पत्त्याची ही पोकळी दुसऱ्याच मंडळींनी भरून काढली आहे. सभेची पाटी नसलेल्या भिंतींवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आढळतात. नकळत म्हणजे भाजीत वा चहात औषध मिसळून. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देत असलेले डायसल्फिरामसारखे औषध माणसाला न सांगता दिले आणि त्यावर तो प्यायला, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असे गंभीर परिणाम होतात. प्रसंगी जिवावरही बेतते. याशिवाय केंद्र म्हणून कोंडून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या जागाही राज्यात अधूनमधून उघडकीस येतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांचा समावेश असून अशा आस्थापनांना नोंदणी बंधनकारक आहे. नातेवाइकांनी नोंदणी विचारावी, हा त्यांचा हक्क आहे.

येथे एक इशारा देणे भाग आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने सभेत जाऊन, भारावून, त्याच रात्री दारू एकदम बंद करणे धोक्याचे ठरू शकते. हात थरथरणे, घाम, झोप उडणे येथपासून ते फिट येणे, भास होणे येथपर्यंत मजल जाते आणि हे पहिल्या दोन-चार दिवसांतच घडते. अशा व्यक्तीने आधी डॉक्टरांना गाठले पाहिजे. सभा ही वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही आणि तसा दावा ती करीतही नाही.

शहराचा स्वभाव आणि सभेची वेळ

या जिल्ह्यात दारू सोडण्याची एक जुनी, अस्सल देशी रीत आहे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. गळ्यात तुळशीची माळ घातली, की दारू आणि मांसाहार सुटला. माळ घातलेल्याला कोणी आग्रह करीत नाही, लग्नाच्या वरातीत त्याच्यापुढे ग्लास धरीत नाही. शिवाय एकादशीची वारी, दिंडी, भजनी मंडळ अशी नवी संगत मिळते. आज ज्याला आधारगट म्हणतात त्याची कितीतरी अंगे या परंपरेत आहेत आणि तिच्यामुळे सावरलेली घरे गावोगावी दिसतात. फरक एका ठिकाणी पडतो. माळकरी घसरला तर तो माळ काढून ठेवतो आणि लाजेने दिंडीकडे पाठ फिरवतो. सभेत घसरलेल्या माणसाची खुर्ची राखून ठेवलेली असते. तो परत आला, की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचे, बस्स. ज्यांना ‘एए’मधील उच्चशक्तीची, प्रार्थनेची भाषा परकी वा धार्मिक वाटते, त्यांची अडचणही खोटी नाही. उच्चशक्ती म्हणजे काय हे ज्याचे त्याने ठरवावे, असे मंडळ सांगते. तरीही काहींना ते रुचत नाही. त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट वा समुपदेशन हे मार्ग खुले असले पाहिजेत.

भाषेचा मुद्दा सोलापुरात विशेष महत्त्वाचा. हे शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू अशा चार भाषांत बोलते. पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरी तेलुगू बोलतो; अक्कलकोटकडून आलेला मजूर कन्नड. बाजारात सर्वांचे मराठी चालते. पण दारूपायी बायकोचे दागिने कसे विकले, हे माणूस आईच्या भाषेतच सांगू शकतो. वेळेचेही तसेच. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. सायंकाळी साडेसातची सभा नोकरदाराला सोयीची, रात्रपाळीच्या कामगाराला निरुपयोगी. (वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड पाणी भरण्याची सवय लागलेल्या या शहरात पाण्याचा वारही पाहावा लागेल, हे सोलापूरकराला सांगायला नको.)

या साऱ्यात जिचा विचार सर्वांत शेवटी होतो ती घरातली बाई. सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळतात. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालते आणि त्याच मजुरीतून नवऱ्याच्या दारूची उधारीही फिटते. नवरा सभेला जायला तयार नसेल, तर तिच्यासाठी काही आहे काय? आहे. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हे स्वतंत्र मंडळ बिल विल्सन यांच्या पत्नी लॉईस यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये सुरू झाले आणि किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ १९५७ मध्ये. मुक्तांगणचा ‘सहचरी’ गट याच गरजेतून आला. नवऱ्याने सोडली नाही तरी बायकोला या गटात जाता येते, ही गोष्ट बहुतेक घरांना माहीतच नसते. त्याच्या कामावर खोटी कारणे कळवणे, त्याची उधारी फेडणे, त्याने केलेला तमाशा निस्तरणे या चक्रातून ती बाहेर पडली, की घराचे गणित बदलू लागते. स्वतःच पिणाऱ्या स्त्रीची अवस्था तर याहून बिकट. पुरुषांनी भरलेल्या सभेत ती पाऊल टाकील ही अपेक्षाच अवाजवी आहे.

छाप्यांना दाद, सभेला नाही

दारूविरोधाचा वारसा या शहराला नवा नाही. ८ मे १९३० रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहावरून संघर्ष पेटला आणि त्यातूनच पुढे सोलापूरचा मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. ज्या गाडीने सोलापूरकर आज येरवड्याला उपचारांसाठी जातो, तिचे नाव याच हुतात्म्यांवरून ठेवले आहे. अलीकडे, २०२१ मध्ये, सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांना केवळ छापे न घालता दुसरा रोजगार मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता आणि त्याची देशभर दखल घेतली गेली. ती रास्तच होती.

परंतु हे सर्व प्रयत्न दारू तयार करणाऱ्या आणि विकणाऱ्या हातांपुरते आहेत. २००८ च्या शासन आदेशाने महिलांना मतदानाद्वारे आडवी बाटली करण्याचा हक्क दिला, तोही दुकानाविरुद्धचाच. दुकान बंद झाल्यावर पिणारा पुढच्या गावी जातो, किंवा रसायन मिसळलेल्या शिंदीकडे वळतो. त्याच्यासाठी काय, हा रकाना सरकारी कागदावर रिकामाच राहतो. राज्याने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले; दुसरीकडे मद्यावरील करवाढीतून वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित धरणारा निर्णय मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी घेतला. तारीख ‘एए’च्या स्थापनादिनाची, हा निव्वळ योगायोग. कर वाढवणे वाईट नाही, महाग दारू कमी प्यायली जाते. परंतु या महसुलाचा नगण्य अंश जरी सभांची माहिती पोहोचवण्यावर खर्च झाला असता, तरी हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

सभांचा उपयोग होतो याला पुरावा काय, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो विचारायलाच हवा. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली. ‘एए’ व तिच्याकडे पद्धतशीरपणे नेणाऱ्या उपचारांमुळे दारू पूर्णपणे बंद राहण्याचे प्रमाण अन्य मानसोपचारांच्या तोडीचे किंवा त्याहून अधिक आढळले. वर्षभरानंतर दारूपासून दूर राहिलेले ४२ टक्के, तर अन्य उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक दोन्हीकडे घसरलेच. जादूची कांडी कोणाकडेच नाही. हे अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील आहेत हेही ध्यानात ठेवावे लागेल. आपल्या शेजारच्या गोव्यात झालेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत थोडक्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या सामान्य समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आलेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी त्यांतील ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीबाहेर आले, नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. मानसोपचारतज्ज्ञ नसतानाही माणूस माणसाला सावरू शकतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

कॉक्रेनच्या आढाव्यातील एक तपशील सोलापूरच्या शासकीय रुग्णालयाने आणि खासगी डॉक्टरांनी विशेष लक्षात घ्यावा. चांगले परिणाम दिसले ते रुग्णाला नुसते ‘सभेला जा’ असे सांगण्याने नव्हे, तर उपचारांतच त्याची सभेशी प्रत्यक्ष गाठ घालून देण्याने. दाखल असतानाच एखाद्या जुन्या सदस्याला वॉर्डात बोलावणे, घरी सोडताना कागदावर वार-वेळ-ठिकाण लिहून देणे, आठवड्याने ‘गेला होता का’ असे विचारणे, याला यंत्रसामग्री लागत नाही की निधी लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात यकृताच्या विकाराने, अपघाताने, मारहाणीच्या जखमांनी दाखल होणाऱ्यांमध्ये दारूचा वाटा किती, हे तेथील कोणताही निवासी डॉक्टर सांगू शकेल. विडी कारखाने, साखर कारखाने, पोलीस वसाहत, एसटी आगार, प्रत्येक ठिकाणी सूचनाफलक आहेत आणि त्यांवर वर्षभरापूर्वीच्या सूचना वाळत पडलेल्या असतात.

तोपर्यंत ज्यांना आजच मदत हवी आहे त्यांच्यासाठी दोन क्रमांक. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते. दूरध्वनी करताना ‘उपचार कोठे मिळतील’ एवढेच न विचारता ‘माझ्या शहरात सभा कोणत्या वारी, कोठे भरते, ती खुली आहे काय’ असे नेमके विचारावे. मिळालेल्या पत्त्यावर सभा आजही भरते ना, याची जाण्यापूर्वी खातरजमा करावी. गटांच्या जागा बदलतात. पहिली सभा आवडली नाही तर दुसऱ्या गटात जावे, कारण प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो.

आणि जवळपास सभाच नसेल तर? ‘एए’च्या परंपरेनुसार दारूपासून दूर राहण्याच्या हेतूने दोन-तीन मद्यपी एकत्र आले, की तो गट होतो, परवानगी वा नोंदणी लागत नाही. पूर्व भागात तेलुगूतून सभा सुरू करायची तर तेवढीच माणसे लागतील आणि लागेल एक खोली. महापालिकेच्या शाळांचे वर्ग सायंकाळी रिकामेच असतात. नाममात्र भाड्याने एक वर्ग, आठवड्यातून दीड तास, दाराबाहेर वार-वेळ लिहिलेली पाटी, एवढ्या ठरावाला महापालिकेच्या सभागृहात कोणत्या पक्षाचा विरोध होईल?